मूठभर मिठाचा शब्द

मेरिदा, ४ फेब्रुवारी २००६

प्रिय कोंपाद्रे सेनोबियो यांस,

इलारियोचा सप्रेम नमस्कार. फेलीवहिनींनाही सांगावा. आपल्या गिल्मेरचा कानकूनहून फोन आला, तर त्याच्या धर्मपित्याने आठवण काढली होती म्हणावं. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला मी या दोन हातांवर धरलं, त्याला येत्या जूनमध्ये चाळीस वर्षं होतील. त्या दिवसापासून आपण कोंपाद्रे झालो, पोराचा बाप आणि धर्मपिता, आणि रिवाजाप्रमाणे एकमेकांना 'तुम्ही' म्हणू लागलो. त्याआधी पाच वर्षं आपण एकाच खोलीत हॅमॉक टांगून झोपलो होतो आणि एकमेकांना काय काय म्हणत होतो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

परवा सकाळी अंगणात बसलो होतो. लिंबाच्या झाडाखाली ऊन असं पडलं होतं की मला तुमचं मिठागर आठवलं. मी एकवीस वर्षांचा, पायात शहरी बूट, हातात खडूचा डबा. आणि तुम्ही गुडघाभर गुलाबी पाण्यात उभे राहून लांब फळीने मीठ ओढत होतात. त्यावर चार ओळी सुचल्या. जत्रेच्या नाचात बाजा थांबवून म्हणतात, तशाच आहेत:

आगराच्या आरशामध्ये
आभाळ वाकून केस विंचरे;
सेनोबियोच्या फळीखाली
चांदणे खडे होऊन उतरे.

ओळी वहीत उतरवतो न उतरवतो तोच आतून तुमची लांदीवहिनी ओरडली. आमचा पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बंद पडला होता. तुम्हाला ठाऊकच आहे, मेरिदाचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुना. साबणाला फेस नाही, कापडाला मऊपणा नाही. आणि लांदीचं सगळं काम पांढऱ्या कापडाचं. नाचणाऱ्या बायकांचे नक्षीचे झगे, इपिल, धुवायचे, कांजी करायची, इस्त्री करून परत द्यायचे. एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये तिने स्वतःच्या कमाईतून हे यंत्र घेतलं. तेव्हापासून महिन्याला तुमचं एक पोतं मीठ त्याच्या पिंपात पडतं आणि नळाला गोडं, मऊ पाणी येतं.

सोसा म्हणून एक मेकॅनिक आहे, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. त्याने पिंपाचं झाकण काढलं, तळातून कोपरापर्यंत हात भरून चिखल काढला आणि म्हणाला, "मास्तर, हे मीठ नाही. ही अख्खी किनारपट्टी आहे."

मी म्हटलं, "माझ्या कोंपाद्रेच्या आगरातलं मीठ आहे ते."

"असेल. मीठ ओढणारी नळी सुईच्या भोकाएवढी असते. ती बुजली. पाण्यातला चुना धरणारे आतले मणी तपकिरी झाले. वरचं डोकं बदलून, मणी नवे भरून चालू करता येईल. जुन्या पद्धतीचं आहे, स्वच्छ खडे मीठ असेल तर चालवून घेईल. पण घाण मीठ घालणार असाल तर मला बोलावू नका, पाद्र्याला बोलावा. त्यापेक्षा नवं घ्या. नव्याला फक्त कारखान्याच्या मिठाच्या गोळ्या लागतात."

लांदी म्हणते, नवं घ्या. मी म्हणतो, दुरुस्त करा. कारण उघड आहे. नवं आलं की तुमचं पोतं बंद. गिल्मेरच्या बाप्तिस्म्याच्या पंगतीत तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "माझ्या हाताला मीठ लागतंय तोवर मास्तरच्या घरी मीठ विकत येणार नाही." तो शब्द मी एका यंत्रासाठी मोडू?

तेव्हा एवढीच विनंती, पुढचं पोतं जरा वरच्या थराचं, पांढरं, चाळून पाठवावं. राग मानू नये.

आपला,
इलारियो नोवेलो

*

पुंता सान रोमान, ११ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र मिळालं.

माझ्या बापाने मीठ काढलं, त्याच्या बापाने काढलं. त्यांना कुणी 'चाळून द्या' म्हटलं नाही. सतरा वर्षं यंत्राला मीठ चाललं, आता चालत नाही. मग म्हातारं कोण झालं, मीठ की यंत्र?

तो सोसा आला तर त्याला विचारा, समुद्र कधी बघितलाय का. मिठात माती असते. माशात काटा असतो. माणसाने बघून खावं.

तुमच्या चार ओळी वाचल्या. माझ्याही घ्या. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तेव्हा पाप तुमचंच.

शहरात बसून मास्तर आमचे
मिठावरती लिहिती गाणी;
भेगांत मीठ झोंबतं तेव्हा
डोळ्यांत येतं नुसतं पाणी.

यंत्र दुरुस्त करायचं तर करा, नवं घ्यायचं तर घ्या. पोतं येईल. या महिन्याचं चुचोच्या बसमध्ये टाकलं आहे.

सेनोबियो चाब्ले

*

मेरिदा, २५ फेब्रुवारी

सेनोबियो,

आज 'प्रिय' लिहिणार नाही.

तुमच्या पत्रातला टोमणा मी गिळला होता. म्हटलं, म्हातारा दुखावला आहे, आपणच शब्द जपून वापरायला हवे होते. सोसाला बोलावून यंत्राचं डोकं बदलून घेतलं, मणी नवे भरून घेतले. लांदी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, बोलू नको, पण माझ्या कोंपाद्रेचं मीठ या घरात येणार म्हणजे येणार. चुचोने पोतं उतरवलं, मी स्वतः पाठीवर घेतलं, स्वतः पिंपात ओतलं.

पाच दिवसांत यंत्र पुन्हा बसलं.

आणि नुसतं बसलं नाही. शनिवारच्या जत्रेसाठी नाचाच्या मंडळाचे अकरा इपिल लांदीकडे होते. मऊ पाणी येतंय या समजुतीने तिने ते भिजवले. पाणी जड आलं, साबण फाटला, आणि अकराच्या अकरा झग्यांवर करडा थर बसला. मंडळाची बाई दारात उभी राहून म्हणाली, "लांदीबाई, पोरींना राखेत लोळवलंत का?" पस्तीस वर्षांत माझ्या बायकोला कुणी असं बोललं नव्हतं. ती मोरीजवळ जाऊन नक्षीवरचा थर नखाने खरवडत बसली.

मग मी पोत्यात उरलेलं मीठ परातीत पसरलं. चष्मा लावून बघितलं. मिठात माशाचे खवले होते. खवले, सेनोबियो. मी ते वेचून कागदात बांधून ठेवले आहेत.

चुचोला विचारलं. तो आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, "मास्तर, मला मध्ये घेऊ नका. पण सेनोबियो मासळीच्या वखारीत मिठाचा गाडा नेताना रोज दिसतो."

आता मला कळलं. आगरातलं पांढरं मीठ वखारीला जातं आणि वखारीचा केर मास्तरला येतो. मास्तर काय, कवितेवर खूष असतो, त्याला काय कळतंय. चाळीस वर्षांचा शब्द, आणि तो तू केर पाठवून पाळतोस? तुला मीठ द्यायचं नव्हतं तर एक ओळ लिहायची होतीस. मी तुला ओळ लिहायला शिकवलं होतं ते कशासाठी?

होय, 'तू' लिहिलं आहे. मुद्दाम लिहिलं आहे.

पुढचं पोतं पाठवू नकोस. आलं तर चुचोच्या बसमधून तसंच परत येईल.

इलारियो

*

पुंता सान रोमान, ६ मार्च

मास्तर,

हे पत्र फेली लिहिते आहे. त्याला माहीत नाही. कळलं तर कळू दे, मला आता कुणाची भीती राहिलेली नाही.

तुमचं पत्र त्याने अंगणात उभ्याने वाचलं. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कामाला गेला. आल्यावर जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. म्हणून खिशातून काढून मी वाचलं.

कुठलं पांढरं मीठ, मास्तर? कुठलं आगर?

दोन हजार दोनच्या सप्टेंबरात वादळ आलं. समुद्र आगरात शिरला, आणि परत जाताना सगळी वाळू तिथेच टाकून गेला. कमरेएवढी. बांध गेले, दारं गेली. आज तिथे काटेरी झुडपं आहेत, शेळ्या चरतात. तेव्हा तुम्ही गावातल्या केबिनवर फोन केला होतात. मागे पंधरा माणसं रांगेत होती, कुणाचं छप्पर गेलेलं, कुणाची होडी. आणि तुम्ही त्याला काय विचारलंत? "फ्लेमिंगो परत आले का?"

तो म्हणाला, "येतील."

मी शेजारीच उभी होते. मी म्हटलं, सांग त्याला. तर म्हणाला, "मास्तरला ते तसंच आवडतं. राहू दे." त्यानंतर पंधरा दिवसांनी तुमची कविता आली. मिठावर चांदणं, की चांदण्यावर मीठ. मला वाटलं चुलीत घालावी. त्याने ती ट्रंकेत ठेवली.

त्या वर्षापासून तो मासळीच्या वखारीत गाडा ओढतो. चौसष्टाव्या वर्षी. खारवलेला मासा उचलला की खालचं मीठ वखारवाला फेकून देतो. ते तो घरी आणतो. खारट पाण्यात धुतो, गोड्यात धुतलं तर विरघळून जाईल. अंगणात ताडपत्रीवर वाळवतो. मग आम्ही दोघं बसून खवले वेचतो. एका पोत्याला चार दिवस लागतात. माझे डोळे गेलेत, मास्तर, एखाददुसरा राहिला असेल. तुम्ही कागदात बांधून ठेवलेत ना, नीट जपा.

आणि शब्दाचं म्हणता. मी त्या पंगतीत होते, पोर माझ्या मांडीवर होतं. तुम्ही तेव्हा शहरात बिऱ्हाड थाटायला निघालेले, घरी दोनच माणसं. शब्द होता स्वयंपाकाच्या मिठाचा, मूठभर मिठाचा. पोत्याचा नव्हता. यंत्र आलं तेव्हा तुम्ही कौतुकाने लिहिलंत, "आता आमचं यंत्रसुद्धा तुमचंच मीठ खातं." तुम्ही कधी विचारलंत का, की बाबा, मुठीचं पोतं झालं, झेपतंय का? आगर होतं तोवर झेपलं. तो हसून म्हणायचा, "मास्तरच्या यंत्राची भूक वाढतेय." पण नसताना कुठून द्यायचं, हे विचारायचं कुणी?

तीन तासांची बस आहे. चार वर्षांत एकदा आला असतात तर दिसलं असतं. तुम्ही आला नाहीत, कारण तुम्हाला इथे काही बघायचंच नव्हतं. तुमचं सगळं बघून झालेलं आहे, एकोणीसशे एकसष्टमध्ये.

तो खोटं बोलला, हे मला मान्य आहे. पण ते तुमच्या गळ्यात केर मारण्यासाठीचं खोटं नव्हतं.

फेलिसितास

*

मेरिदा, १५ मार्च

फेली,

तुझं पत्र इलारियोने तीनदा वाचलं आणि माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "लांदी, मला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "माहीत करून घ्यायचं नव्हतं."

"असं कसं म्हणतेस?"

"मग कसं म्हणू? यमकात म्हणू?"

तेव्हापासून लिंबाखाली बसून आहे. सोमवारी घेवडा आणि डुकराचं मटण केलं, त्याला आवडतं म्हणून नव्हे, इथला सोमवारचा रिवाज म्हणून. त्याने ताट सरकवलं. मी ताट परत त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, उपास तिकडे जाऊन कर, ज्याने तुझ्यामुळे केला त्याच्यासमोर.

आता माझंही ऐक. मला तीन वर्षांपासून वास येत होता. पोत्याचं तोंड सोडलं की मासळी. मी काय केलं? पिंपावर झाकण घट्ट लावलं आणि वर लिंबाची पानं ठेवली. मला वाटलं, सेनोबियोचं वय झालं, पोती मासळीजवळ ठेवत असेल. विचारलं नाही. विचारलं तर इलारियोचा चेहरा पडेल, आणि पडलेला चेहरा आठवडाभर मलाच बघावा लागेल. तेव्हा दोष एकट्याचा नाही. पण तूही ऐकून घे. तू चार वर्षं खवले वेचत बसलीस आणि मला एक ओळ लिहिली नाहीस. आपण दोघी कुणाला जपत होतो? हे दोन म्हातारे एकमेकांना फुलासारखे जपत राहिले आणि हात आपले फाटले. मला तुझाही राग आलाय. भेटलीस की तोंडावर सांगेन.

झग्यांचं सांगते. अकरापैकी सात सुटले, पावसाच्या साठवलेल्या पाण्यात व्हिनेगर घालून घालून. चारांची नक्षी गेली. ती मी नव्याने काढून देतेय. मंडळाने पुढच्या महिन्याचे झगे दुसरीकडे दिले. ते परत मिळवायचे तर मला महिनाभरात मऊ पाणी हवं, आणि रोज हवं.

सोसा काल आला होता. म्हणाला, "बाई, दुसऱ्यांदा दुरुस्त करायला माझी हरकत नाही, पण मला लाज वाटते. नवं बसवतो, दुपारी काम सुरू." यंत्र माझ्या पैशाचं, निकाल मीच दिला असता. आधीच्या वेळी द्यायला हवा होता. पण आता नवं बसवलं तर तिकडे तुझा माणूस म्हणेल, मास्तरने मला दारातून काढलं. आणि जुनं ठेवलं तर तो पुन्हा ताडपत्री पसरेल, मी त्याला ओळखते. म्हणून हे मी ठरवणार नाही. ज्यांनी घोळ घातला ते समोरासमोर ठरवतील.

सोसाला आठवडाभर थांबायला सांगितलंय. इलारियोला शुक्रवारच्या बसमध्ये बसवतेय. कवितांची वही मी काढून घेतली आहे. पिशवीत दोन शर्ट आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. त्याला लाड करून वाढू नकोस.

लांदी

*

पुंता सान रोमान, १९ मार्च, रविवार

लांदी,

केबिनवरून फोन करणार होतो, पण मागे लोक उभे असतात, आणि आता मला कळलं आहे की ते ऐकतात. म्हणून लिहितो. चुचो दुपारी नेईल.

शुक्रवारी पोचलो तेव्हा सेनोबियो वखारीतून यायचा होता. फेलीवहिनींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "या. बूट काढा, वाळू आत आणू नका." पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत.

तो आला. मी उभा राहिलो. तो म्हणाला, "कशाला आलास?" चाळीस वर्षांनी त्याच्या तोंडून 'तू' ऐकलं. मी म्हटलं, "बघायला." तो म्हणाला, "मग चल," आणि हातपाय न धुताच पुढे निघाला.

तू कधी तिथे गेली नाहीस, आणि मी तुला जे सांगत आलो ते आता तिथे नाही. वाळू आहे. मधून कुंपणाचे खांब वर आलेत, त्यावर फाटकी जाळी. एक शेळी होती. मी उभा राहिलो आणि सवयीने तोंड उघडलं. मला काहीतरी म्हणायचं होतं, वाळूबद्दल, काळाबद्दल. पूर्ण ओळ तयार होती.

तो म्हणाला, "इलारियो, तोंड बंद. बघ फक्त."

मी बघितलं. बराच वेळ. ऊन डोक्यावर होतं. त्याने हाताने दाखवलं: इथे पहिलं कुंड, इथे दुसरं, इथे बापाने बांधलेला दरवाजा, तिथे ढीग लावायचो. एक शब्द जास्त नाही. हात दाखवताना मी त्याची बोटं बघितली. पेरापेरावर भेगा आहेत, काळ्या, बुजत नाहीत अशा. मी त्या बोटांना बाराखडी गिरवायला लावली होती.

परत येताना भांडण झालं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही खरं भांडलो. रस्ताभर, मग अंगणात, मग जेवताना. मी म्हटलं, तू मला मूर्ख बनवलंस, चार वर्षं मी नसलेल्या आगराची गाणी गात होतो आणि तू ऐकून घेत होतास. तो म्हणाला, "ऐकून घेत होतो, कारण ते एवढंच उरलं होतं. तू ते लिहायचास तेव्हा तासभर ते असायचं. मग मी गाडा ओढायला जायचो." मी म्हटलं, मला सांगितलं असतंस तर आलो असतो. तो म्हणाला, "आला असतास. आणि शोकगीत लिहून गेला असतास."

याचं उत्तर तुला देता येत असेल तर लिही.

मग त्याचीही पाळी आली. मी म्हटलं, लांदीचे चार झगे गेले, पस्तीस वर्षांचं नाव गेलं, गिऱ्हाईक गेलं, ते तुझ्या मानापायी गेलं. मान तुझा, आणि किंमत तिने दिली, आणि फेलीवहिनींच्या डोळ्यांनी दिली. आगर गेलं हा तुझा दोष नाही. पण केर धुऊन आगराचं म्हणून पाठवलंस, तो आहे. फेलीवहिनी चुलीपाशी होत्या, त्या म्हणाल्या, "हे बरोबर बोलले मास्तर. पहिल्यांदाच." आणि माझ्या ताटात मासा वाढला.

काल यंत्राचा विषय मीच काढला. विचारलं नाही, सांगितलं. म्हटलं, सेनोबियो, नवं घेतोय. कारखान्याच्या गोळ्या घालणार. तुझं मीठ बंद.

तो जाळं विणत होता, सुई थांबली नाही. मग म्हणाला, "मग मी तुझ्या घरी येताना काय आणू?"

त्यात टोमणा नव्हता, लांदी. तो खरंच विचारत होता. चाळीस वर्षांत तो आपल्याकडे रिकाम्या हाताने कधी आलेला नाही, आणि चार वर्षं तो का आला नाही, हे मला तेव्हा कळलं. वखारीचं मीठ हातात घेऊन आपल्या दारात उभं राहायला नको, म्हणून पोतं चुचोबरोबर पाठवायचा, स्वतः यायचा नाही.

मी म्हटलं, काही आणू नकोस. तो चिडला. "म्हणजे भिकाऱ्यासारखा येऊ?" मी पण चिडलो. म्हटलं, मी तुझ्या घरी पाच वर्षं राहिलो, तेव्हा काय आणलं होतं? खडूचा डबा. तोसुद्धा सरकारचा. तो म्हणाला, "ते वेगळं." मी म्हटलं, वेगळं कसं, सांग. यावर आम्ही दुपारपर्यंत भांडलो आणि अजून मिटलेलं नाही.

तर सोसाला नवं यंत्र सांग. मंगळवारी चालेल. पण जुनं त्याला नेऊ देऊ नकोस. डोकं खोलून, मणी परातीत काढून, पिंपाचा तळ तसाच ठेव, धुऊ नकोस. आणि ते चार झगेही बाहेर काढून ठेव. सेनोबियो उद्या माझ्याबरोबर येतो आहे. मी कितीही सांगितलं तरी त्याचा विश्वास नाही. म्हणतो, "तू माझं बघितलंस. आता मी तुझं बघणार."

हात रिकामे घेऊन येतो आहे आणि त्यामुळे फार रागात आहे. जेवायला तिघांचं कर.

इलारियो